अमोनियाचा बंदोबस्त

रक्ततपासणीच्या कागदावर युरियापुढचा आकडा ठळक छापून आला की बहुतेक घरांत पहिली कुऱ्हाड डाळीवर पडते. वरण पातळ होते, उसळ बंद होते, अंडे तर दूरच. यामागची समजूत सगळ्यांच्या ओळखीची आहे: प्रथिनांपासून युरिया नावाचे विष तयार होते, किडनी ते गाळून लघवीवाटे टाकते आणि किडनी थकली की ते रक्तात साचून माणसाच्या जिवावर उठते. या समजुतीत तथ्य पुष्कळ आहे, पण विष कोणते हेच तिने चुकीचे धरले आहे. गेल्या दोनशे वर्षांत प्रयोगशाळांत आणि रुग्णांच्या खाटांशी जमलेला पुरावा एकत्र मांडला तर असे दिसते, की खरे विष अमोनिया आहे. युरिया हा त्या विषावर शरीराने काढलेला तोडगा आहे आणि तो निघतो यकृतात, किडनीत नव्हे. रक्तातला वाढलेला युरिया आजाराची खूण म्हणून मोलाचा आहे. आजाराचे कारण म्हणून त्याचा वाटा लहान आहे. हा भेद नुसता पाठ्यपुस्तकातला नाही. रुग्णाच्या ताटात काय वाढायचे आणि डायलिसिस पुरेसे झाले असे कशावरून म्हणायचे, हे दोन्ही त्याच्यावर ठरते.

मुळात नायट्रोजन टाकून द्यावा का लागतो? पिष्टमय पदार्थ आणि चरबी जळली की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरते. त्यांची विल्हेवाट सोपी. प्रथिनांचे तसे नाही. त्यांच्या वजनात सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. चरबी साठवायला शरीरात जागा आहे, साखर थोडीफार यकृतात आणि स्नायूंत साठते, पण जादा अमिनो आम्लांसाठी कोठार नाही. गरजेपुरती वापरून झाली की उरलेल्यांचा कार्बनी सांगाडा इंधन म्हणून जळतो आणि त्यावरचा नायट्रोजनचा गट सुटा पडतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला रोज वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. ६० किलोच्या माणसाने तेवढीच खाल्ली तरी रोज सुमारे ८ ग्रॅम नायट्रोजन आत येतो, आणि वाढीचे वय उलटलेल्या निरोगी माणसाला तेवढाच बाहेर काढावा लागतो. थोडा शौचातून आणि घामातून जातो, बाकीचा लघवीतून. लघवीतल्या नायट्रोजनपैकी ८० ते ९० टक्के युरियाच्या रूपात असतो. उरलेला अमोनियम, क्रिएटिनिन आणि युरिक ॲसिड यांत वाटलेला. आहारानुसार रोज साधारण १५ ते ३० ग्रॅम युरिया बाहेर पडतो.

सुट्या पडलेल्या त्या गटाचे सर्वांत साधे रूप म्हणजे अमोनिया. तो टाकायला वेगळी रासायनिक खटपट करावी लागत नाही, म्हणून भोवती अमाप पाणी असलेले बहुतेक मासे तो कल्ल्यांतून सरळ सोडून देतात. जमिनीवरच्या प्राण्याला ही चैन परवडत नाही, कारण अमोनिया मेंदूला घातक आहे आणि तो सोसण्याइतका पातळ ठेवायचा तर पाणी फार खर्ची पडते. पक्षी, साप आणि सरडे यांनी पाणी जवळजवळ न लागणारे युरिक ॲसिड पत्करले. सस्तन प्राण्यांनी युरिया. बेडकाच्या आयुष्यात हा बदल डोळ्यांसमोर घडतो. पाण्यातले पिल्लू अमोनिया सोडते, आणि पाय फुटून जमिनीवर यायची वेळ आली की त्याच्या यकृतात युरिया बनवणारी विकरे वाढू लागतात. आफ्रिकेतला फुप्फुस असलेला मासा डबके आटल्यावर चिखलात स्वतःला गाडून घेतो आणि पाऊस येईपर्यंत सगळा नायट्रोजन युरियाच्या रूपात अंगातच साठवतो. मूत्रपिंडाचा मोठा अभ्यासक होमर स्मिथ याने हे १९३० च्या सुमारास मांडले. शार्क तर रक्तातला युरिया माणसाच्या ५० पटींहून अधिक राखून ठेवतो, म्हणजे समुद्राचे खारे पाणी त्याच्या अंगातले पाणी ओढून घेत नाही. त्याच्या पेशींत युरियाचा प्रथिनांवरचा परिणाम झेलणारे दुसरे रसायनही असते, हे खरे. पण अमोनियाच्या बाबतीत असा साठा करण्याचा विचारही शक्य नाही. माणसाच्या रक्तात अमोनिया लिटरमागे ५० मायक्रोमोलच्या आत असावा लागतो आणि युरिया त्याच्या शंभरपट सहज खपतो, यावरूनच शरीर कोणाला किती भिते हे समजते.

युरिया किडनीत बनत नाही, हे प्रथम स्पष्टपणे दाखवले प्रेव्हो आणि द्युमा यांनी, जिनिव्हामध्ये १८२१ साली. त्यांनी प्राण्यांची दोन्ही मूत्रपिंडे काढून टाकली आणि रक्त तपासले. युरिया किडनीत बनत असता तर तो दिसायला नको होता. प्रत्यक्षात तो साचत गेला. म्हणजे बनवणारा अवयव दुसराच. यकृताकडे बोट दाखवणारा जबरदस्त पुरावा १८९३ मध्ये सेंट पीटर्सबर्गहून आला. पाव्हलॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या आतड्याकडून येणारे रक्त यकृताला वळसा घालून सरळ मोठ्या शिरेत सोडले. या कुत्र्यांना मांस खाऊ घातले की ती बेचैन होत, तोल जाऊन पडत, त्यांना झटके येत आणि काही बेशुद्ध होत. किडन्या जागच्या जागी शाबूत होत्या. पुढे १९२४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये बोलमन, मान आणि मगाथ यांनी कुत्र्यांचे यकृतच काढले, तेव्हा युरिया बनणे थांबले. एकाच प्रश्नाला दोन्ही बाजूंनी भिडणारे हे प्रयोग वाचताना आजही समाधान वाटते: किडनी काढली तर युरिया साचतो, यकृत काढले तर तो बनतच नाही.

तो बनतो कसा, हे १९३२ मध्ये फ्रायबुर्गला हान्स क्रेब्ज आणि त्यांचा विद्यार्थी कुर्ट हेन्सेलाइट यांनी उलगडले. उंदराच्या यकृताचे पातळ काप ते द्रावणात जिवंत ठेवत, त्यात वेगवेगळी द्रव्ये घालत आणि किती युरिया झाला ते मोजत. अमोनियासोबत ऑर्निथीन नावाचे अमिनो आम्ल घातले की युरियाचे उत्पादन एकदम वाढे, पण ऑर्निथीन खर्च होत नसे. त्यावरून त्यांनी ताडले की ऑर्निथीन हा वाहक आहे: त्यावर नायट्रोजन चढतो, रूपे बदलत आर्जिनीन होते, आर्जिनीनमधून युरिया सुटतो आणि ऑर्निथीन पुन्हा कामाला मोकळे. युरियातल्या दोन नायट्रोजनपैकी एक अमोनियातून येतो, दुसरा ॲस्पार्टिक आम्लातून, आणि कार्बन येतो कार्बन डायऑक्साइडमधून. ट्रॉम्बे आणि थळच्या खत कारखान्यांतही युरिया अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांपासूनच बनतो, पण प्रचंड दाब आणि तापमान देऊन. यकृत तो ३७ अंशांवर बनवते. फुकट मात्र नाही. युरियाच्या एका रेणूमागे पेशीला चार उच्च ऊर्जेचे फॉस्फेट बंध मोडावे लागतात. निव्वळ टाकून देण्याच्या वस्तूवर शरीर एवढा खर्च करते, याचे कारण अमोनिया मोकळा ठेवणे त्याहून महाग पडते.

यकृताची रचना जवळून पाहिली तर हा बंदोबस्त किती कडक आहे ते समजते. आतड्याकडून आलेले रक्त यकृताच्या एकेका खंडिकेत कडेने शिरते आणि मधल्या शिरेकडे वाहते. वाटेतल्या बहुतेक पेशी युरिया बनवतात. त्यांची क्षमता मोठी, पण अमोनिया विरळ झाला की त्यांची पकड सैल पडते. म्हणून मधल्या शिरेभोवती, रक्त यकृतातून बाहेर पडण्याच्या अगदी आधी, एक ते तीन पेशींच्या जाडीचे एक कडे असते. या पेशी युरिया बनवत नाहीत. निसटलेला अमोनिया त्या ग्लुटामिक आम्लावर चढवून निरुपद्रवी ग्लुटामीन करून टाकतात. आधी मोठी पकड, मग बारीक छाननी. इतर अवयवही अमोनिया मोकळा सोडत नाहीत. स्नायू आपला नायट्रोजन ॲलानीन आणि ग्लुटामीन यांच्या रूपात बांधून रक्तात पाठवतात. मेंदूला मात्र युरियाचे चक्र नाही. तिथे तारकापेशी अमोनियाचे ग्लुटामीन करतात, आणि अमोनिया फार झाला तर त्याच पेशी ग्लुटामीन साठून फुगतात. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांचे झटके आणि बेशुद्धी या वाटेने आलेली होती.

माणसांत हाच प्रयोग निसर्ग अधूनमधून करतो, आणि माझ्या मते सगळ्या वादाचा निकाल तिथेच लागतो. काही बाळे युरियाचक्रातले एखादे विकर जन्मतः नसलेली किंवा अधू असलेली येतात. आईच्या पोटात असेपर्यंत वारेतून अमोनिया निघून जात असतो. जन्मानंतर दूध सुरू होते आणि दोन-चार दिवसांत बाळ मलूल होते, दूध ओढत नाही, झटके येतात. किडन्या उत्तम, रक्तातला युरिया वाढलेला नव्हे तर नेहमीपेक्षा कमी, आणि अमोनिया कित्येक पट. म्हणजे युरियाच्या अभावी मूल दगावते. उपचाराची दिशाही तीच गोष्ट सांगते. जॉन्स हॉपकिन्सचे सॉल ब्रुसिलो यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून सोडियम बेंझोएट आणि फेनिलॲसिटेट यांचा वापर रूढ केला. पहिले ग्लायसीनला चिकटते, दुसरे ग्लुटामीनला, आणि तयार झालेली द्रव्ये लघवीतून जातात. युरियाचा रस्ता बंद असेल तर नायट्रोजनला दुसरा काढून द्यायचा, ही ती युक्ती. २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात या चक्रातले पहिलेच विकर निकामी असलेल्या एका बाळासाठी, फक्त त्याच्या दोषाला बेतून, जनुक दुरुस्त करणारे औषध तयार करून यकृतापर्यंत पोहोचवण्यात आले. दुरुस्ती यकृतात झाली, कारण बिघाड तिथे होता.

मोठ्या वयात हीच गत सिऱ्हॉसिसमध्ये होते. यकृत निबर होते, रक्त त्याला वळसा घालून जाते, रुग्ण दिवसा पेंगतो, रात्री जागतो, बोलण्यात गोंधळतो, पुढे केलेले पंजे फडफडतात. पाव्हलॉव्हच्या प्रयोगावरून डॉक्टरांनी दशकानुदशके या रुग्णांची प्रथिने तोडली. तर्क सरळ होता, पण अपुरा होता. यकृत थकल्यावर अमोनिया पकडण्याचा मोठा भार स्नायूंवर येतो, आणि प्रथिने तोडली की स्नायूच झडतात. २००४ मध्ये बार्सेलोनाच्या कॉर्डोबा आणि सहकाऱ्यांनी चाचणी घेऊन दाखवले की नेहमीइतकी प्रथिने दिल्याने अशा रुग्णांची शुद्ध बिघडत नाही, कमी दिल्याने सुधारतही नाही. आता शिफारस किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅमची आहे. आतड्यातला अमोनिया लॅक्ट्युलोज या औषधाने आवरायचा, ताट रिकामे करून नव्हे.

मग किडनीचे काम काय? ती दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळते आणि त्यातला दीड लिटरच्या आसपास लघवी म्हणून जातो. गाळलेल्या युरियापैकी जवळजवळ निम्मा ती परत आत घेते. युरिया केवळ कचरा असता तर हे विचित्र ठरले असते. पण किडनीच्या खोल गाभ्यात तोच युरिया साठवून ती पाणी ओढून घेण्याची ताकद उभी करते. लघवी रक्ताच्या चौपट घट्ट होऊ शकते ती यामुळे. फार कमी प्रथिने खाणाऱ्याची लघवी तेवढी घट्ट होत नाही. शिवाय बनलेल्या युरियापैकी पाचवा हिस्सा किंवा थोडा अधिक आतड्यात झिरपतो, तिथले जंतू तो फोडून पुन्हा अमोनिया करतात आणि तो यकृताकडे परत येतो. किडनी स्वतः अमोनियाही बनवते, ग्लुटामीनपासून, शरीरातले आम्ल बाहेर न्यायला. बॉस्टनच्या जॉर्ज केहिल यांनी १९६० च्या दशकात आठवडेच्या आठवडे उपाशी राहिलेल्या लठ्ठ रुग्णांचा अभ्यास केला. रोज १२ ग्रॅमच्या आसपास जाणारा नायट्रोजन ४ ग्रॅमवर उतरला होता, आणि त्यात युरियापेक्षा अमोनियम जास्त होते. नायट्रोजन कोणत्या रूपात, किती आणि कशासाठी सोडायचा, हे शरीर प्रसंग पाहून ठरवते.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. किडनी बंद पडली की माणूस मरतो, त्याचा युरिया चढलेला असतो, डायलिसिसने युरिया उतरतो आणि माणूस वाचतो. मग युरिया निर्दोष कसा? एकत्र चढणाऱ्या गोष्टींतली एकच गोष्ट आपण मोजतो, हे याचे उत्तर आहे. किडनी थांबली की पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकते, पाणी फुप्फुसात भरते, आम्ल साचते. १९७२ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये डायलिसिसच्या द्रावणातच युरिया मिसळून पाहिला, म्हणजे बाकी सगळे निघाले पण युरिया राहिला. रुग्णांनी बराच चढलेला युरिया सोसला. मळमळ, डोकेदुखी, गळाठा आला तो फार वरच्या पातळीवर. आज तर रक्तातले सोडियम घटलेल्या काही रुग्णांना औषध म्हणून रोज १५ ते ३० ग्रॅम युरिया पाजतात. डायलिसिसचा डोस ठरवतात तो शरीरातला किती युरिया धुऊन निघाला यावर. हा डोस वाढवला तर आयुष्य वाढते का, हे अमेरिकेतल्या हेमो चाचणीने १,८४६ रुग्णांत तपासले आणि २००२ मध्ये उत्तर दिले: ठरलेल्या किमान डोसापुढे वाढ करून मृत्यू घटले नाहीत. त्याच वर्षी मेक्सिकोतल्या ॲडेमेक्स चाचणीत पोटाच्या डायलिसिसबाबतही तेच आढळले. आतड्यातल्या जंतूंनी प्रथिनांपासून केलेली इंडॉक्सिल सल्फेट आणि पी-क्रेसिल सल्फेट ही द्रव्ये रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून बसतात आणि डायलिसिसच्या जाळीतून नीट निघत नाहीत. निरोगी किडनी ती नलिकांतून उचलून टाकते. संशय आता त्यांच्यावर अधिक आहे.

तरीही युरियाला पुरते निर्दोष ठरवणे घाईचे होईल. तो शरीरात हळूहळू मोडून अल्प प्रमाणात सायनेट होतो, आणि सायनेट प्रथिनांना चिकटून त्यांचा आकार व काम बिघडवते. असे बिघडलेले अल्ब्युमिन ज्यांच्यात जास्त, त्या डायलिसिस रुग्णांत मृत्यू अधिक, असे २०१३ च्या एका अभ्यासात दिसले. वर्षानुवर्षे युरिया चढलेला असणे त्रासाचे आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण हा सावकाश होणारा परिणाम आहे. एका कागदावरचा आकडा पाहून घाबरून डाळ बंद करण्याचे समर्थन त्यातून होत नाही.

कारण तो आकडा अनेक कारणांनी हलतो. उलट्या-जुलाबांनी पाणी घटले, पोटात रक्तस्राव होऊन ते रक्त पचले, ताप आला, स्टेरॉइड सुरू झाले, की किडनी ठीक असूनही युरिया चढतो. कुपोषण आणि यकृताच्या आजारात तो उतरतो, आणि तो उतार मुळीच चांगला नसतो. काही प्रयोगशाळा युरिया छापतात, काही बीयूएन, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. बीयूएनला २.१४ ने गुणले की युरिया येतो. हे ठाऊक नसल्याने दोन ठिकाणचे रिपोर्ट शेजारी ठेवून घरचे लोक विनाकारण हादरतात किंवा सुखावतात. क्रिएटिनिन अधिक विश्वासाचे, पण तेही स्नायूंतून येते. म्हणून वाळलेल्या वृद्धेचे क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ असूनही तिची किडनी निम्म्याने काम करत असू शकते.

दुसरा आक्षेप आहाराचा: मग किडनीच्या रुग्णाला प्रथिने बेताने घ्या असे डॉक्टर का सांगतात? त्यांचे सांगणे बरोबर आहे, कारण मात्र वेगळे आहे. भरपूर प्रथिनांनी किडनीच्या गाळण्यांवरचा दाब वाढतो आणि प्रथिनांसोबत आम्ल आणि फॉस्फरसही येतात. पण फायदा माफक आहे. १९९४ च्या अमेरिकेतल्या मोठ्या एमडीआरडी चाचणीने कमी प्रथिनांचा ठळक लाभ दाखवला नाही. आजची आंतरराष्ट्रीय शिफारस किलोमागे ०.८ ग्रॅमची आहे, म्हणजे निरोगी भारतीयासाठी सांगितलेल्या प्रमाणाच्या जवळपास तितकीच. जिथे जेवण मुळातच भात किंवा भाकरीवर उभे आहे आणि प्रथिने या मापालाही पुरत नाहीत, तिथे डाळ काढून घेणे म्हणजे मर्यादा पाळणे नव्हे, उपासमार करणे आहे. डायलिसिस सुरू झाल्यावर तर गरज वाढते, १.० ते १.२ ग्रॅमपर्यंत, कारण दर खेपेला अमिनो आम्ले धुऊन जातात. युरिक ॲसिडबाबतही डाळीवर असाच आळ येतो. माणसात ते पक्ष्यांसारखे प्रथिनांच्या नायट्रोजनमधून नव्हे, पेशीकेंद्रातल्या प्युरीनमधून येते, आणि २००४ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात गाऊटचा धोका मांस आणि सागरी अन्नाने वाढला, प्युरीनयुक्त भाज्यांनी नाही.

राहता राहिला प्रश्न, युरियावर नाही तर कशावर लक्ष ठेवायचे. कॅनडा आणि अमेरिकेतल्या पोटाच्या डायलिसिसच्या रुग्णांची माहिती २००१ मध्ये पुन्हा तपासली, तेव्हा यंत्रणेने किती धुतले यापेक्षा रुग्णाची स्वतःची लघवी किती होते यावर आयुष्य ठरत असल्याचे दिसले: रोजच्या लघवीत २५० मिलिलिटरची भर म्हणजे मृत्यूच्या सापेक्ष धोक्यात ३६ टक्क्यांची घट. आपल्याकडे खर्चापायी आणि अंतरापायी कितीतरी रुग्ण आठवड्यातून तीनऐवजी दोनदाच डायलिसिसला जातात. त्यांच्या बाबतीत उरलेली किडनी जपणे, मनाने वेदनाशामक गोळ्या न घेणे, रक्तदाब एकदम खाली जाऊ न देणे आणि दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसाची लघवी भांड्यात मोजून वहीत लिहून ठेवणे, हे पुढच्या रिपोर्टातल्या युरियापेक्षा डॉक्टरांच्या अधिक उपयोगी पडेल.